पत्र्यावरचा पाऊस

आफ्रिकेतल्या मलावीहून परत आले त्याच्या दुसऱ्याच रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायला, पुढे बोलावलं. मंडळी भरलेली होती, आई तिसऱ्या बाकावर बसली होती. मी उभी राहिले, सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाले, "देवानं माझ्या मनातली सगळी भीती काढून टाकली." मंडळीनं मोठ्यानं आमेन म्हटलं. मी जागेवर येऊन बसले आणि त्यानंतरची उपासना माझ्या कानात शिरलीच नाही. मी बोलले ते खरं नव्हतं. देवाच्या घरात, देवाचंच नाव घेऊन मी न घडलेली गोष्ट सांगितली होती. खोटं बोलायचं मनात नव्हतं. पण साक्ष म्हटली की शेवट असा करायचा असतो, हे शब्बाथशाळेपासून कानावर पडलेलं. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं.

म्हणून हे लिहायला बसले. जे झालं ते जसंच्या तसं.

मी नर्स आहे. जन्म कोल्हापूरचा, घर शाहूपुरीत जयंती नाल्याच्या अंगाला, नर्सिंग मिरजेला केलं. आमच्याकडे मिशन हा शब्द मीठ-मिरचीसारखा रोजचा. मिशन कंपाउंड, मिशन शाळा, मिशन दवाखाना. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात उभं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला. म्हणजे पंचगंगेच्या काठी रांगलेलं पोर. पुढे १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर झालं आणि तिथे शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्यासाठी नाव दिलं, त्यामागे या रॉबर्टची खटपट होती. त्याची बहीण ग्रेस घरी बसून त्यासाठी प्रार्थना करत होती. हे मी मोठी झाल्यावर वाचलं. लहानपणी मिशनरी म्हणजे आपल्याकडे येणारा माणूस, एवढंच कळायचं. इथून कुणी जातं, हे ऐकलं नव्हतं. आणि जे आले त्यांना भीती वाटली असेल, हेही कधी कुणी बोललं नाही. या भागात राबलेल्या मिशनऱ्यांच्या मुलांच्या जुन्या कबरी मी पाहिल्यात. दोन-अडीच फुटांच्या. ते दगड बसवताना त्या आयांचं काय झालं असेल, हा विचार मला तिशी उलटल्यावर सुचला.

माझी भीती पाण्याची. ती जन्मजात नाही, तिला तारीख आहे. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचा तळमजला बुडाला, मी आणि आई शेजाऱ्यांच्या माडीवर गेलो. वीज नव्हती. मी मोबाइलच्या उजेडात जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले होते. एकूण अकरा. संध्याकाळी चौथी बुडाली, रात्री दहाला सहावी, पहाटे सातवी. पाणी वर चढतं तेव्हा त्याचा आवाज होत नाही, फक्त मोजलेली पायरी पुन्हा बघितली की नसते. ती शांतता माझ्या अंगात शिरली ती आजतागायत निघालेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी होडी आली. होडी वल्हवणाऱ्या माणसाला आईनं विचारलं, तुमचं गाव कुठलं, घरचं सगळं बरं ना? तो म्हणाला, "घरात पाणीच हाय की, मावशी. बसा तुम्ही." इतकंच. स्वतःचं घर पाण्यात सोडून तो आम्हाला न्यायला आला होता.

त्यानंतर चार महिन्यांनी एका मिशन संस्थेचं पत्रक चर्चमध्ये आलं. दक्षिण मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलला खेड्यात काम केलेल्या नर्सेस हव्या होत्या. मी ते पत्रक घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवलं. काढून वाचायचे, पुन्हा ठेवायचे. तो होडीवाला डोळ्यांसमोरून हलत नव्हता. अर्ज केला, तेवढ्यात कोविड आला आणि दोन वर्षं इथेच वॉर्डात गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय.

मुलाखतीत विचारलं, तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? मी म्हणाले, पुराची. समोरच्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही जिथे जाणार तिथे याच वर्षी जानेवारीत वादळानं पूर आणलाय, मोठं वीजकेंद्र वाहून गेलंय, हे तुम्हाला माहीत असायला हवं. ते केंद्र म्हणजे शिरे नदीवरचं कापिचिरा, आणि वादळ म्हणजे आना. देशाची तिसरा हिस्सा वीज त्या एका केंद्रावर होती. मला हे माहीत झालं, तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते नीट सांगता येत नाही. बोलावणं आलं की त्याला पाय फुटतात, एवढं खरं.

आईनं ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "जाशील. पण माझ्या जिवाला घोर लावून जाशील." मग तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. दुसरं काही बोलली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघाले तेव्हा स्टेशनवर महिला मंडळाच्या पंधराएक जणी आल्या होत्या. फलाटावर गोल करून प्रार्थना झाली. भडंगाचे दोन डबे, कांदा-लसूण मसाल्याची पिशवी, आणि आईची शाल. मुंबईच्या विमानतळावर मी स्वच्छतागृहात जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि रांगेत उभी राहिले. अदिस अबाबाला विमान बदललं, ब्लँटायरला उतरले. मिशनरी लिव्हिंगस्टन स्कॉटलंडमधल्या ज्या गावी जन्मला त्याचं नाव या शहराला दिलंय.

आमचं हॉस्पिटल मुलांजे डोंगराच्या बाजूला होतं. तीन हजार मीटर उंचीचा डोंगर, सपाट जमिनीतून एकदम उठलेला. पायथ्याला चहाचे मळे. मला वाटलं होतं तसं काही अनोळखी नव्हतंच. मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा हातानं गोळा करून भाजीला लावून खायची, ती मला उकडीसारखी वाटली. रुग्णाबरोबर घरची बाई आलेली, तिनं हॉस्पिटलच्या आवारात तीन दगडांची चूल मांडलेली, हे तर आपल्याकडचंच. लोक बहुतेक ख्रिस्ती. मी तिथे कुणाला ख्रिस्त सांगायला गेले नव्हते, त्यांच्याकडे तो माझ्या आधीपासून होता. त्यांच्या चर्चमध्ये बायका गायला लागल्या की वाद्य लागत नाही. मी तिथली चिचेवा भाषा शिकत होते. मुली ब्वांजी, कसे आहात. झिकोमो, आभार. पेपानी हा शब्द मला फार आवडला. कुणी ठेचकाळलं, कुणाचं माणूस गेलं, कुणी नुसतं दमलं, तरी पेपानी म्हणतात. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द नाही. "अरेरे" म्हणताना आपण थोडे लांब उभे असतो.

पहिले चार महिने असे गेले. मग पटकी आली.

पटकी हा कॉलरासाठी आजीचा शब्द. तिच्या लहानपणी गावात पटकी आली की शिवेवरच्या मरीआईच्या देवळाकडे लोक धावायचे, आणि घरच्या घरी माणसं सकाळची संध्याकाळी नसायची, असं ती सांगायची. मला वाटायचं हा रोग पुस्तकात गेला. मलावीत साथीची पहिली नोंद मार्च २०२२ मध्ये झाली होती. पावसाळा लागला तशी ती भडकली. जानेवारी २०२३ मध्ये ब्लँटायर आणि राजधानी लिलाँग्वेच्या शाळा उघडायच्या थांबवल्या. जानेवारी संपायच्या आत देशभरातल्या मृत्यूंनी हजारी ओलांडली. त्या देशाच्या इतिहासात एवढी मोठी कॉलराची साथ झाली नव्हती. लशीचा जगभर तुटवडा होता, दोन डोसांऐवजी एकच देत होते.

आवारात ताडपत्रीचे तंबू उभारले. आत कॉलराच्या खाटा. मध्ये भोक, खाली बादली. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं जुलाब त्या बादलीत पडतं, आणि किती पडलं ते मोजून लिहायचं. किती गेलं, तेवढं परत भरायचं. सगळा उपचार या हिशेबावर चालतो. दारात क्लोरीनची तीन पिंपं. हात धुवायला ०.०५ टक्के, फरशीला ०.५, आणि उलटी-जुलाब नि मृतदेहांसाठी २ टक्के. तो वास केसात, न्सिमात, उशीत. मी आईची शाल वापरायची बंद केली, तिला तो वास लागू नये म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साधारण बारा किलो वजनाचा एक मुलगा आला. चारेक वर्षांचा असेल. अगोगोनं, म्हणजे आजीनं, पाठीवर चितेंजेत, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडात, बांधून आणलेला. रडत नव्हता, हीच वाईट खूण. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. मनगटाची नाडी लागत नव्हती. अशा वेळी अर्ध्या तासात ३६० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाइन शिरेतून जायला हवं आणि पुढच्या अडीच तासांत ८४०. पण शीर सापडेल तेव्हा. अंगातलं पाणी गेलं की शिरा मिटतात. डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात मी पहिली सुई घातली, चुकली. दुसरी चुकली. आणि माझे हात थरथरायला लागले.

मी प्रार्थना केली. मोठ्यानं, मराठीत. "देवा, हात थांबव." हात थांबले नाहीत. आज हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. मी विश्वासानं मागितलं होतं आणि हात तसेच थरथरत राहिले. मग त्या अगोगोनं एका हातानं नातवाचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं माझं कोपर. तिची बोटं खरखरीत, मातीची, जात्यावर बसणाऱ्या बाईसारखी. म्हणाली, "मुसाओपे, सिस्ता." भिऊ नका, सिस्टर. जिचं नातवंड मरायला टेकलंय ती मला सांगत होती. तिसरी सुई. कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत घालायच्या सुईच्या, मागच्या नळीत रक्ताचा लाल ठिपका आला. इतका बारीक ठिपका, पण तो दिसला आणि मी श्वास सोडला. बाटली टांगली, चाक पूर्ण उघडलं.

पहाटे साडेचारला त्या पोरानं लघवी केली. वॉर्डात आम्ही तिघी नर्स टाळ्या वाजवायच्या बाकी होतो. मूत्रपिंडं चालू झाली म्हणजे मुलगा परत आला. अगोगोनं ओली चितेंजे झटकली आणि तशीच कमरेला बांधली.

त्याच रात्री पलीकडच्या खाटेवरची एक बाई गेली. तिला शीर वेळेत सापडली होती, पाणीही गेलं होतं. तिच्यासाठीही मी तीच प्रार्थना केली होती. घरच्यांना तिला अंघोळ घालता आली नाही. अंग आम्हीच २ टक्के क्लोरीननं पुसलं, पिशवी बंद केली. कुंपणाबाहेर बायका गात होत्या. मी इथे कुठलाही अर्थ लावणार नाही. एकाला वाचवलं आणि एकीला नाही, असं म्हणणाऱ्या साक्षी मी ऐकल्यात, आणि त्या ऐकताना तिसऱ्या खाटेवरच्या माणसाच्या घरचे मंडळीत बसलेले असतात, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता ती गोष्ट, जी मी साक्षीत गाळली.

१२ मार्च २०२३, रविवार. फ्रेडी वादळाची बातमी आम्ही महिनाभर ऐकत होतो. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला फेब्रुवारीत उठलेलं हे वादळ सगळा हिंदी महासागर आडवा ओलांडून मादागास्करला, तिथून मोझांबिकला धडकलं, मागे फिरलं, आणि मार्चच्या ११ तारखेला पुन्हा मोझांबिकवर आलं. तिथून ते आमच्यावर येऊन थांबलं. सकाळच्या उपासनेला रिमझिम होती. संध्याकाळी पत्र्यावर जो आवाज सुरू झाला तो पावसाचा वाटतच नव्हता, डोक्यावर कुणीतरी खडी ओततंय असं वाटत होतं. वीज गेली. नंतर आकडे आले. सहा दिवसांत सहा महिन्यांचा पाऊस. ब्लँटायरच्या उतारावरच्या वस्त्या त्याच रात्री चिखलाखाली गेल्या. आम्हाला त्या रात्री फक्त डोंगरावरून दगड गडगडत येण्याचे आवाज कळत होते.

माझ्या खोलीच्या उंबऱ्यातून पाणी आत आलं. बोटभरच होतं. पण ते आवाज न करता आलं.

मी टेबलाखाली जाऊन बसले. गुडघे पोटाशी घेतले. शाहूपुरीच्या जिन्याच्या पायऱ्या मोजू लागले, इथे जिनाच नव्हता तरी. दारावर थाप पडली. मेट्रनबाई होत्या. तंबू पडायला लागले होते, कॉलराचे रुग्ण विटांच्या इमारतीत हलवायचे होते, सगळे हात हवे होते. मी म्हणाले, "मी येत नाही. मला जमणार नाही." पुन्हा म्हणाले, "मला जमणार नाही." हे माझेच शब्द. देवानं बोलावलं म्हणून समुद्र ओलांडून आलेली मी, जिच्यासाठी कोल्हापूरच्या फलाटावर पंधरा बायकांनी हात वर केले होते, ती मी माझे रुग्ण पाण्यात असताना टेबलाखालून नाही म्हणाले.

मेट्रनबाई साठीच्या. त्या रागावल्या नाहीत. वचन म्हणून दाखवलं नाही. जमिनीवरच्या पाण्यात माझ्याजवळ उकिडव्या बसल्या, स्वतःच्या हातातली बॅटरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उचलायचं आम्ही बघतो. तू फक्त उजेड धर."

मी उजेड धरला. सकाळपर्यंत माझं एवढंच काम. खाट उचलणारे चौघे, पुढे मी, उजेड त्यांच्या पायांवर. चिखल पोटऱ्यांपर्यंत होता. पोटातला गोळा तसाच होता, दातावर दात वाजत होते, आणि तोंडातून शब्दाची प्रार्थना येत नव्हती. उजेड मात्र त्यांच्या पायांवरून हलू दिला नाही. किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. पायऱ्या मोजणारी मी त्या रात्री काही मोजलं नाही, हे मला खूप नंतर जाणवलं.

पुढचे चार दिवस फोन बंद, पूल गेलेला, रस्ता गेलेला. वरच्या वाड्यांतून माणसं चालत येत होती, काही पाठीवर आणलेली. पाचव्या दिवशी एक टेकाड चढलं की सिग्नल मिळतो असं कळलं. चढले. तिथे दुपारचे बारा, कोल्हापूर साडेतीन तास पुढे. आईनं पहिल्या रिंगला उचलला. कितीतरी वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "जेवलीस का?"

लाज मात्र राहिली. साथ ओसरली, रस्ते झाले, तरी मेट्रनबाईंच्या डोळ्यांना डोळा देववत नव्हता. त्या कधीच काही बोलल्या नाहीत, हेच जड जात होतं. एका रात्री मी पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं छप्पन्नावं स्तोत्र काढलं. भीती वाटते तेव्हा मी देवावर भरवसा ठेवतो, असं त्यात दावीद म्हणतो. लहानपणापासून पाठ. पण त्या रात्री वरची ओळ वाचली, जी आपण वाचताना सोडून देतो. पलिष्ट्यांनी, म्हणजे शत्रूंनी, त्याला त्यांच्या गथ गावात धरलं तेव्हाचं हे स्तोत्र. मग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढला. गथात दावीदानं काय केलं? तिथल्या राजाला तो फार भ्यायला. वेड्याचं सोंग घेतलं. वेशीच्या दारांवर रेघोट्या ओढल्या, दाढीवर लाळ गाळली. धिप्पाड पलिष्टी योद्ध्याला, गल्याथाला पाडणारा हाच माणूस, गल्याथाच्याच गावी, परक्या मुलखात, लाळ गाळत उभा होता. आणि छप्पन्नावं स्तोत्र त्याच गावाचं नाव डोक्यावर घेऊन उभं आहे.

भीती वाटत नाही तेव्हा, असं त्यात नाही. भीती वाटते तेव्हा, असं आहे. मी कितीतरी वर्षं हे वाक्य उलटं वाचत होते. आधी भीती जाईल, मग भरवसा येईल, आणि भीती गेली नाही म्हणजे माझ्याच विश्वासात खोट, असा माझा समज होता. दावीदाच्या ओळीत दोन्ही एकाच वेळी आहेत. एका खाटेवर दोन माणसं झोपवावीत तशी.

त्याच स्तोत्रात पुढे आसवांची बुधली येते. देव माझी आसवं बुधलीत भरून ठेवतो, असं. ते वाचलं आणि मला कॉलराच्या वॉर्डातला तक्ता आठवला. किती गेलं, किती भरलं, दर तासाला, मिलीमध्ये. मापल्याशिवाय एक थेंब जाऊ द्यायचा नाही. कुणीतरी माझा असा तक्ता लिहितंय, असं वाटलं आणि त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंकडे जाऊन त्या रात्रीबद्दल माफी मागितली. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "पेपानी." एवढंच.

मी आणखी सव्वा वर्ष तिथे राहिले. पुढचा पावसाळा कोरडा गेला. मका कणसात येण्याआधी वाळला आणि मार्च २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. त्या जानेवारीत मी रोज सकाळी चर्चच्या पायरीवर बायकांबरोबर पावसासाठी प्रार्थना करत होते. ढग आले की पोटात गोळा यायचा, आणि मी तोंडानं आणखी पाऊस मागायचे. त्या प्रार्थना माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत खऱ्या होत्या असं मला वाटतं.

परत आले ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. इथे जुलैतच पंचगंगा धोक्याच्या पातळीवर जाऊन आली होती. आमच्या मागच्या पडवीला पत्रा आहे. पहिल्या रात्री सर आली आणि मी अंथरुणात उठून बसले. आई जागी होती. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिनं दिवा लावला, जिन्याकडे बघून आली आणि म्हणाली, "कोरडं आहे." अजूनही मोठी सर आली की ती तसं करते. मार्चमधल्या त्या चार दिवसांबद्दल मला तिच्याकडून नाही, कुंभार गल्लीतल्या वहिनींकडून कळलं. आई फोन मांडीवर घेऊन बसून राहायची, झोपायची नाही. वहिनी रात्री सोबतीला यायच्या. चौथ्या दिवशी मात्र आईनं उठून वहिनींच्या नातवासाठी धपाटे केले होते, त्याची परीक्षा होती म्हणून.

तर ती साक्ष. महिनाभर मला ती टोचत राहिली. शेवटी पाळकसाहेबांना सांगितलं की मला पुन्हा दहा मिनिटं हवीत, मागच्या वेळी मी चुकीचं बोलले. ते थोडे गोंधळले, पण हो म्हणाले. यावेळी मी सगळं सांगितलं. हात थांबले नाहीत ते, पलीकडच्या खाटेवरची बाई, टेबल, "मी येत नाही", बॅटरी. भीती गेलेली नाही हेही सांगितलं. आमेन आलं नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. आई खाली बघत होती, तिच्या हातात पदराचा कोपरा होता.

उपासना सुटल्यावर पायरीवर एका मावशींनी मला थांबवलं. गेली तीस वर्षं आमच्या महिला मंडळाची प्रार्थना त्याच चालवतात. त्यांचा आवाज ऐकला की आजारी माणूस उठून बसतो, अशी त्यांची ख्याती. त्यांचा धाकटा मुलगा दुबईला बांधकामावर उंचीची कामं करतो. त्यांनी माझा हात धरला. हात गार होता.

"रोज रात्री दोनला जाग येते मला," त्या म्हणाल्या. "तो पडलाय असं दिसतं. नऊ वर्षं झाली, कुणाला बोलले नाही. सकाळी उठून सगळ्यांना सांगते, देवावर सोडा." त्यांचा आवाज बारीक झाला. "बाई, मग ते माझं प्रार्थनेत उभं राहणं खोटं नव्हे ना?"

मी म्हणाले, "नाही, मावशी."

त्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले. लोक आमच्या बाजूनं चपला शोधत, सलाम करत जात होते. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून फोन काढला, चष्मा काढला, नंबर मला लावायला दिला. पलीकडून मुलगा हॅलो म्हणाला.

"कुठं आहेस रे?" मावशी म्हणाल्या. "अरे, भीती वाटली म्हणून केला."